राखणीचे पद

२०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या एनआयएच या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने संशोधन-अनुदानासोबत विद्यापीठांना मिळणाऱ्या अप्रत्यक्ष खर्चावर १५ टक्क्यांची मर्यादा जाहीर केली. न्यायालयाने ती अडवली, पण तोवर अनेक विद्यापीठांनी भरती थांबवली होती, काहींनी पीएचडीचे प्रवेशही आवरते घेतले होते. युरोपने संधी हेरली आणि मे महिन्यात पॅरिसला सोरबॉनमध्ये समारंभ करून बाहेरच्या संशोधकांसाठी ५० कोटी युरो जाहीर केले. सप्टेंबरात एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लागले तेव्हा आपल्याकडच्या चर्चेलाही ऊत आला. आपली माणसे परत आणण्याची हीच वेळ, असे अग्रलेख आले, परिसंवाद झडले. परत आलेला विषाणुशास्त्रज्ञ नेमका कोणत्या पदावर बसेल, याची थोडीफार वाच्यता झाली. त्याच्या प्रयोगशाळेत आणखी कोण बसेल, हे मात्र कोणाच्या तोंडून ऐकल्याचे मला आठवत नाही.

जीववैद्यकीय संशोधनातल्या नोकऱ्यांचा विषय निघाला की आपण डोकी मोजू लागतो. मंजूर पदे किती, भरलेली किती, रिक्त किती. आकडा मोठा असला की बातमी होते, बातमी झाली की आश्वासन मिळते. रिकामी खुर्ची कोणत्या कामाची होती, हे त्या आकड्यात दिसत नाही. आणि माझा सगळा आक्षेप तिथेच आहे.

आधी वाटेतली दोन-चार मते बाजूला करतो. आरक्षणामुळे गुणवत्ता अडते म्हणणाऱ्यांना उत्तर देण्यात अर्थ नाही. जिथे वर्षानुवर्षे जाहिरातच निघत नाही तिथे बिंदुनामावलीला दोष देणे ही निव्वळ सवय आहे. पीएचडी उदंड झाल्या, त्या कमी करा, असे म्हणणारे ज्येष्ठ प्राध्यापक स्वतःची प्रयोगशाळा याच मुलांच्या हातांवर चालवतात, हे सोयीने विसरतात. देशाचा संशोधनावरचा खर्च सकल उत्पन्नाच्या ०.६४ टक्के आहे, तो वाढवा, ही मागणी रास्तच आहे. पण अमेरिकेने १९९८ ते २००३ या पाच वर्षांत एनआयएचचे अंदाजपत्रक दुप्पट केले आणि तिथे उमेदवारांची रांगही वाढत गेली, हे त्याच दमात सांगायला हवे. राहिला खासगी उद्योग. पुण्या-हैदराबादेत लशी आणि औषधे करणाऱ्या कंपन्यांत चांगल्या नोकऱ्या आहेत, आमची बरीच मुले तिथे सुखात आहेत. पण जंगलातल्या गोचिडी मोजायला कोणती कंपनी माणूस ठेवील?

मला ज्या मताशी भांडायचे आहे ते यांपैकी नाही. ते माझ्या मित्रांचे मत आहे, बुद्धिमान माणसांचे आहे, आणि सरकारी फायलीतले टिपण त्यावर चालत असल्यामुळे ते फार बलवान आहे. ते मत असे: नोकरी पक्की झाली की संशोधक सुस्तावतो. विज्ञानाला धार हवी असेल तर पदे मुदतीची हवीत, माणसे खेळती हवीत, दर तीन-पाच वर्षांनी प्रत्येकाला आपली लायकी नव्याने सिद्ध करावी लागायला हवी. अस्थिरता म्हणजे अन्याय नव्हे, ती चाळणी आहे.

या मतात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. कायम झाल्यापासून वीस वर्षांत एकही धड प्रयोग न केलेले, पण खरेदी समितीपासून उपाहारगृह समितीपर्यंत सगळीकडे हजर असणारे वैज्ञानिक मी पाहिले आहेत. वाचकांतल्या ज्यांनी एखाद्या सरकारी संस्थेत दिवस काढले असतील त्यांनीही पाहिले असतील. शिवाय बाहेरचे दाखलेही मजबूत आहेत. युरोपातल्या ईएमबीएल या नावाजलेल्या रेण्वीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत नेमणुकीला साधारण नऊ वर्षांची मर्यादा असते, आणि तिथले विज्ञान कोणी निस्तेज म्हणणार नाही. जर्मनीत २००७ पासून तसा कायदाच आहे. मुदतीच्या नेमणुकीवर पीएचडीपर्यंत सहा वर्षे, त्यानंतर सहा, वैद्यकशास्त्रात नऊ. एवढ्यात पक्के पद मिळाले नाही तर त्या कायद्याचा आधार संपला. या कायद्याची भलामण करणारी एक चित्रफीत तिथल्या शिक्षण-संशोधन खात्याने काढली होती. तिच्यात हाना नावाची काल्पनिक जीवशास्त्रज्ञ होती, आणि एकाच पिढीने सगळ्या जागा अडवून व्यवस्था तुंबू नये म्हणून ही मुदत, असा खुलासा होता. २०२१ मध्ये ती लोकांच्या नजरेला आली, आणि हजारो संशोधकांनी ‘मीच हाना’ म्हणत आपापल्या कंत्राटांच्या कहाण्या जगजाहीर केल्या. खात्याने चित्रफीत काढून घेतली. कायदा राहिला.

आपल्याकडचे अस्थिरतावादी इतक्या लांब जात नाहीत. ते हाफकिनचे नाव घेतात. १८९६ च्या शरदात मुंबईत प्लेग पसरला. कॉलऱ्याच्या लशीमुळे नाव झालेले हाफकिन कलकत्त्याहून आले, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका बोळवजा जागेत, एक कारकून आणि तीन अप्रशिक्षित मदतनीस घेऊन कामाला लागले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती लस स्वतःला टोचून घेतली. प्राणिशास्त्रज्ञ माणूस, डॉक्टरकीची पदवी नाही, धड प्रयोगशाळा नाही, आणि तीन महिन्यांत लस! मग तुम्हाला कायम पद, घरभाडे, निवृत्तिवेतन कशाला हवे, असा त्यामागचा टोला.

गोष्ट खरी आहे. फक्त ती १८९७ च्या जानेवारीत थांबवून सांगितली जाते. लस सापडली त्यानंतर ती लाखो कुप्यांत भरायची होती, गावोगाव पाठवायची होती, प्रत्येक हप्ता आधीच्या हप्त्यासारखाच निघेल हे पाहायचे होते. त्यासाठी १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात प्रयोगशाळा गेली. तीच आजची हाफकिन संस्था. मग १९०२ च्या ऑक्टोबरात पंजाबातल्या मलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली आणि त्यांतली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. सगळी एकाच बाटलीतली. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले, निर्दोष ठरायला १९०७ उजाडले. बाटली उघडताना सहायकाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता तो पुन्हा वापरला गेला, असे चौकशीच्या कागदांत निघाले. म्हणजे त्या काळातला एवढा मोठा शोध एका चिमट्यावर अडखळला. कल्पनेत खोट नव्हती. टोकाशी उभ्या असलेल्या माणसाला कोणी घडवले नव्हते. आणि हाफकिन सुटू शकले त्याचे एक कारण असे, की मेलेल्या प्रत्येकाला कोणत्या बाटलीतली लस गेली होती हे सांगता येत होते. कोणीतरी ते टिपून ठेवले होते.

जीववैद्यकीय संशोधनात दोन प्रकारची कामे असतात आणि ती दोन प्रकारची पदे मागतात. एक शोधाचे. नवा प्रश्न घ्यायचा, जुना मोडून पाहायचा, चुकायचे, दुसऱ्याच्या आधी पोचायचे. दुसरे राखणीचे. नमुने, पेशींचे वाण, विषाणूंचे संग्रह, प्राणिगृहातल्या उंदरांच्या वंशावळी, गावागावांतल्या माणसांच्या तीस-तीस वर्षांच्या नोंदी, आणि हे सगळे पुन्हा तसेच करून दाखवता येणारे हात. भौतिकशास्त्रातही राखण लागते, नाही असे नाही. पण जिथे अभ्यासाची वस्तू जगते, मरते, बदलते, संमती देते आणि काढून घेते, तिथे राखणीला जो भार येतो तो इतरत्र क्वचित येत असेल.

अस्थिरतावाद्यांचा युक्तिवाद पहिल्या प्रकारच्या कामाबद्दल अर्धामुर्धा खरा आहे. दुसऱ्या प्रकाराबद्दल तो पूर्ण खोटा आहे. आणि गंमत पाहा: आपल्या व्यवस्थेने पक्के पद दिले आहे ते पहिल्याला.

माकडतापाचेच घ्या. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि मागोमाग माणसे तापाने फणफणली. पुण्याचे व्हायरस रिसर्च सेंटर तेव्हा पाच वर्षांचे होते. आयसीएमआर आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून ते १९५२ मध्ये काढले होते, आज आपण त्याला एनआयव्ही म्हणतो. त्या लोकांनी विषाणू वेगळा केला, तो गोचिडींतून पसरतो हे दाखवले, सागर गावी ठाणे मांडले. पांढरे फ्लॅनेलचे कापड काठीला बांधायचे आणि जंगलातल्या पाल्यापाचोळ्यावरून सावकाश ओढत न्यायचे. ठरलेले अंतर चालून झाले की कापड उलटे करायचे, त्याला चिकटलेल्या गोचिडी बारीक चिमट्याने एकेक उचलून कुपीत टाकायच्या, कुपीवर जागा आणि तारीख लिहायची. त्यांतल्या पुष्कळशा अजून पिल्लेच, खसखशीएवढी. मग भिंगाखाली जात लावायची: ही हिमॅफिसॅलिस स्पिनिजेरा, की तशीच दिसणारी दुसरी कोणी. पुस्तकातल्या आकृत्या बघून हे येत नाही. जाणत्याशेजारी बसून काही हंगाम काढले की येते.

पुढे २०१५ च्या सुमारास हा रोग गोव्यात सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे दिसला. काजूच्या हंगामात बागांतून राबणारी माणसे आजारी पडली. प्रश्न तोच, जंगल सरकलेले, आणि मध्ये एकोणसाठ वर्षे गेलेली. या प्रश्नावर काम करायला आज जे पद निघते त्याची जाहिरात कशी असते? ‘थेट मुलाखत. सकाळी साडेनऊ ते साडेदहा नोंदणी. पद पूर्णतः तात्पुरते, प्रकल्पाच्या मुदतीपुरते. सुरुवातीस एक वर्ष, काम समाधानकारक वाटल्यास मुदतवाढ. प्रकल्प संपताच सेवा आपोआप संपुष्टात. नियमित नेमणुकीवर हक्क सांगता येणार नाही. प्रवासभत्ता मिळणार नाही.’ आयसीएमआरच्या सध्याच्या दरांनुसार प्रकल्पातल्या तांत्रिक सहायकाच्या तिसऱ्या, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीला महिना २८,००० रुपये आणि घरभाडे. प्रकल्प-वैज्ञानिकाच्या पहिल्या पायरीला ५६,०००. एमबीबीएस असाल तर ६७,०००. (हा अकरा हजारांचा फरक काय सांगतो, यावर वेगळा लेख होईल. वैद्यकीय महाविद्यालयांत एमएस्सी-पीएचडी शिक्षकांना किती जागा द्यायच्या, हा आकडा २०२० मध्ये निम्म्यावर वा त्याहूनही खाली आणून आणि सूक्ष्मजीवशास्त्र व औषधशास्त्रात शून्यावर नेऊन, २०२५ मध्ये दारे पुन्हा उघडली गेली. मधल्या पाच वर्षांत ज्यांची वये निघून गेली त्यांनी कोणाला विचारायचे?)

इथे माझे मित्र म्हणतील, ठीक आहे, पण राखणीच्या कामालाही मुदतीची माणसे चालतील. नोंदी नीट ठेवा, संगणकावर घाला, कार्यपद्धतीची पुस्तिका लिहा. माणूस गेला तरी नोंद राहते.

हा त्यांचा सर्वांत घट्ट मुद्दा आहे, म्हणून तो मी सोडणार नाही. एका संस्थेत, नाव सांगत नाही, मला उणे ऐंशी अंशांचा एक फ्रीझर दाखवण्यात आला. दार उघडले की बर्फाची वाफ, आणि आत एकावर एक पुठ्ठ्याचे चौकोनी डबे. खालच्या कप्प्यातल्या डब्यांवर मार्करने लिहिलेले: ‘एस. के., सीरम, दुसरी फेरी, टाकू नये.’ एस. के. कोण, हे विभागात कोणाला सांगता आले नाही. प्रकल्प सहायक असावी किंवा असावा; काही वर्षांपूर्वी प्रकल्प संपला. दुसरी फेरी कसली, कोणत्या गावातली, किती वेळा वितळून पुन्हा गोठलेले हे रक्त, हे विचारायला माणूस नव्हता. संगणकावर तक्ता होता. त्यात नमुन्यांचे क्रमांक होते, पण डब्यांवरचे क्रमांक वेगळ्या पद्धतीचे, आणि ती पद्धत एस. के. यांच्या डोक्यात. फ्रीझर मात्र चालू होता. त्याचे वीजबिल संस्था दर महिन्याला भरत होती. टाकायचे धाडस कोणाला नव्हते आणि वापरायचेही. ते रक्त कोणाच्या तरी दंडातून काढलेले होते, कोणीतरी त्यासाठी अंगठा किंवा सही दिली होती. पुस्तिका होतीच. पुस्तिकेत लिहून न येणारे जे काही असते तेच एस. के. यांच्याबरोबर गेले होते.

आणि याची किंमत फ्रीझरपुरती राहत नाही. प्रयोगशाळांत वाढवल्या जाणाऱ्या पेशींच्या वाणांत हेलाच्या पेशी घुसल्या आहेत; तुम्ही स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी म्हणून ज्यांवर काम करता त्या मुळात १९५१ मध्ये वारलेल्या हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या पेशी आहेत, असे १९७४ पासून वॉल्टर नेल्सन-रीस पुराव्यासह सांगत होते. कॅलिफोर्नियात पेशींची पेढी सांभाळणे हे त्यांचे काम. राखणदारच म्हणा. चुकीच्या वाणांची यादी ते नावांसह छापत आणि शोधकांना त्याचा राग येई. पुढे त्यांच्या पेढीचा पैसा बंद झाला. ते विज्ञान सोडून चित्रांच्या व्यापारात गेले. मिसळलेल्या पेशींवरचे शोधनिबंध आजही निघतात, आणि ज्यांनी ते लिहिले त्यांतल्या अनेकांची पदे पक्की आहेत.

याउलट जिथे राखण टिकली तिथे काय होते तेही पाहू. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ मध्ये शहराजवळच्या सहा गावांत गर्भवतींच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघर जाऊन लग्न झालेल्या बायकांच्या पाळीची तारीख टिपत. त्यावाचून गर्भ किती आठवड्यांचा हे नेमके कळणार कसे? बाळ जन्मले की ७२ तासांच्या आत त्याचे वजन, डोक्याचा घेर, पाठीवरच्या कातडीच्या घडीची जाडी. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. पण पाठीवरची चरबी त्या मानाने मुळीच कमी नव्हती. हडकुळे दिसणारे आपले बाळ आतून चरबी धरून असते, आणि मधुमेहाची मुळे तिथवर जातात, ही आज जगभर सांगितली जाणारी गोष्ट त्या चिमट्यांतून आणि वह्यांतून आली. त्या बाळांना आता स्वतःची मुले झाली आहेत आणि अभ्यास अजून चालू आहे. सासूसमोर सुनेला पाळीची तारीख विचारायची आणि पुढल्या महिन्यात त्याच दारात पुन्हा स्वागत व्हायचे, याला जे लागते ते तीन वर्षांच्या मुदतीत तयार होत नाही. नवी बाई आली की घर पुन्हा परके.

कल्पना याज्ञिकांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांची होती, श्रेय त्यांचे आहे, यात वाद नाही. मला एवढेच म्हणायचे आहे, की त्या कल्पनेइतकाच मोठा भाग ती माणसे तिथेच राहण्याचा होता, आणि आपल्या पदरचनेत त्या राहण्याला नाव नाही.

आता ईएमबीएलच्या नऊ वर्षांकडे परत येतो, कारण ते उदाहरण माझ्यावर नेहमी फेकले जाते. ईएमबीएलमधून बाहेर पडणारा माणूस पंचवीसहून अधिक सदस्य देशांतल्या विद्यापीठांत उतरतो. मुदत त्याला परवडते कारण खाली जाळे आहे. आमची मुलगी प्रकल्प संपल्यावर कुठे उतरते? एखाद्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर. एमडी असेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात १२० दिवसांच्या तात्पुरत्या नेमणुकीवर, मध्ये तांत्रिक खंड देऊन पुन्हा १२० दिवस. चाळणी म्हणायचे तर तिच्याखाली काहीतरी धरलेले असावे लागते.

आणि सुस्तावण्याचे म्हणाल, तर तो आरोप राखणाऱ्याला मुळात चिकटतच नाही. प्राणिगृहाचा माणूस झोपला तर दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजऱ्यांत कळते. द्रव नायट्रोजनची पातळी बघायची राहिली तर काही आठवड्यांत सगळा संग्रह वितळतो आणि संचालकांच्या टेबलावर कागद येतो. शोधणाऱ्याची सुस्ती मात्र वीस वर्षे लपते. विद्यार्थी प्रयोग करतात, निबंधावर नाव शेवटचे लागते, समितीच्या बैठका होत राहतात. म्हणजे स्पर्धा ज्याला मानवते त्याला आपण आजन्म पद देतो, सातत्य ज्याचा प्राण आहे त्याला वर्षाचे. पक्क्या नोकरीमुळे माणूस बिघडतो असे खरोखर वाटत असेल तर माझ्या मित्रांनी सुरुवात स्वतःच्या खुर्चीपासून करावी. अर्थात मी वैज्ञानिकांची पदे काढून घ्या म्हणत नाही. नको तिथे सरकारच्या हातात आयता दांडका द्यायची माझी इच्छा नाही. पण दोनांपैकी एकच पद पक्के करता येईल अशी वेळ आली, तर कोणते करावे याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

हे मी एकटाच म्हणतो असेही नाही. ब्रूस अल्बर्ट्स, मार्क कर्शनर, शर्ली टिलमन आणि हॅरॉल्ड वार्मस यांनी २०१४ मध्ये अमेरिकी जीववैद्यकीय संशोधनाच्या दुखण्यांवर एकत्र लेख लिहिला. विद्यार्थ्यांच्या आणि पोस्टडॉकच्या फौजेऐवजी प्रयोगशाळांत कायम कामाचे वैज्ञानिक असावेत, ही त्यांच्या सूचनांपैकी एक होती. वार्मस एनआयएचचे संचालक राहिलेले, नोबेलचे मानकरी. तरी तिथे फारसे हलले नाही. विद्यार्थी स्वस्त पडतो.

इथे तर तो आणखी स्वस्त. २०२३ च्या जानेवारीपासून ज्युनिअर रिसर्च फेलोला ३७,००० आणि सीनिअरला ४२,००० रुपये मिळतात. तेही २०१८-१९ मध्ये देशभर मुले रस्त्यावर आल्यावर आधी ३१ आणि ३५ हजार झाले, त्यानंतरच्या वाढीने. परत येणाऱ्या शास्त्रज्ञासाठी रामलिंगस्वामी फेलोशिप आहे, इंडिया अलायन्सच्या फेलोशिप आहेत. योजना चांगल्या आहेत, त्यांतून चांगली माणसे आली. पण त्या सगळ्या शोधणाऱ्यासाठी आहेत. तो येतो, पाच वर्षांत स्वतःला सिद्ध करायला धडपडतो, पक्क्या पदाच्या जाहिरातीत ‘पस्तिशीच्या आत असल्यास प्राधान्य’ वाचून कपाळाला हात लावतो, आणि तोवर त्याच्या हाताखालची तीन मुले शिकून निघून गेलेली असतात. चौथ्याला पुन्हा पिपेट धरायला शिकवायचे. बॉस्टनमध्ये त्याच्या शेजारच्या खोलीत एक बाई होती, तीस वर्षे तेच यंत्र चालवणारी, तिला विचारले की दोन मिनिटांत अडलेले सुटायचे. इथे आल्यावर त्याला सर्वांत जास्त उणीव भासते ती तिची, असे मला एकाहून अधिक परतलेल्यांनी सांगितले आहे. तिच्यासारखे पद आपल्या आकृतिबंधात बसत नाही, म्हणून ती माणसेही आपल्याकडे तयार होत नाहीत.

वित्त विभाग पहिला प्रश्न विचारील तो ठाऊक आहे: राखणदाराचे काम मोजायचे कशाने? त्याचे शोधनिबंध नाहीत, पेटंट नाही. मोजणे अजिबात अवघड नाही. बढतीच्या दिवशी समितीने संग्रहातला दहा वर्षांपूर्वीचा कोणताही एक क्रमांक काढावा, आणि तो नमुना, ज्याचा त्याचे संमतीपत्र, तो कधी कधी बाहेर काढला याची नोंद, हे सगळे टेबलावर यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहावे. सध्याच्या मुलाखत मंडळांना हे करून बघायला कोणत्याही नव्या शासन निर्णयाची गरज नाही. फक्त त्या टेबलाशी दहा वर्षे टिकलेला उमेदवार समोर हवा.